कोरडी ठणठणीत भिंत

मुलुंड पूर्वेला रंगाचं काम म्हटलं की चंद्रप्रकाश घाडीगावकरचं नाव निघायचं. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी हातात ब्रश घेतला, आणि पुढे तोच मुलाच्या हाती दिला. पंचवीस वर्षं चंद्रप्रकाशने इमानाने भिंती रंगवल्या. अलीकडे मात्र कामाची तऱ्हा बदलली होती. लोक आता घर घेऊन रंगवत नसत, रंगवलेलंच घर घेत. चावी फिरवायची आणि आत जायचं, एवढंच त्यांना हवं असे. त्यामुळे जुना फ्लॅट विकायचा झाला की आधी चंद्रप्रकाशला बोलावणं यायचं.

फेब्रुवारीत निलेश नावाच्या एजंटाने त्याला चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट दाखवला. बेडरूमच्या भिंतीवर हात ठेवताच चंद्रप्रकाशला कळायचं ते कळलं.

"वरच्या बाथरूमचा पाइप गळतोय. तो बदलल्याशिवाय काही खरं नाही."

"वरचे लोक लेकाकडे गेलेत रे, अमेरिकेला. मेमध्ये येणार. तोवर थेंब नाही पडत. तू सुकव, पुट्टी ओढ, रंग मार. झकास दिसलं पाहिजे, बस."

चंद्रप्रकाश हो म्हणाला नाही. पण पुट्टी ओढली. नाही म्हणायला तोंड लागतं, पुट्टी ओढायला नुसता हात पुरतो.

घर बघायला शुभाताई दातार आल्या. निवृत्त शिक्षिका. नव्या टॉवरमध्ये घर नोंदवून नऊ वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या. आता त्यांना बांधकामाचं नावही नको होतं. निलेश गॅलरीत फोनवर होता. त्यांनी भिंतीकडे बघत चंद्रप्रकाशलाच विचारलं, "ओल नाही ना हो? ह्यांना दमा आहे."

तेव्हा सांगता आलं असतं. दोघंच होते.

"कोरडी ठणठणीत आहे, काकू. काय झालं तर मी जबाबदार."

"अहो, असं बोलून ठेवू नये," त्या हसल्या. "वास्तू तथास्तु म्हणते!"

जिना उतरताना चंद्रप्रकाशने त्याच बोलण्याचा आधार घेतला. आपण कोरडी म्हटलंय, वास्तू म्हणेलही तथास्तु. माणूस खोटं बोलला की देवाधर्माची अशी सोयीस्कर आठवण काढतो. त्या दिवसापासून त्याचं जेवणात लक्ष लागेना.

मेमध्ये वास्तुशांतीचं बोलावणं आलं. घरासाठी राबलेल्या कारागिराला टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायची रीत शुभाताईंना मोडायची नव्हती. सकाळी शर्टाला इस्त्री करताकरता त्याने बायकोला, प्रेमाला, सगळं सांगितलं.

"तुमका म्हायत होता," ती म्हणाली. "मगे सांगूक काय झाला?"

ती त्याच्याबरोबर आली नाही.

होम आटोपला होता. शुभाताईंनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नऊ वर्षं ज्याने त्याने फसवलं. हा पहिला खरा माणूस भेटला."

चंद्रप्रकाशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेडरूमचं दार उघडंच होतं. विद्याधरराव, शुभाताईंचे यजमान, पलंगावर बसले होते, पाठ नेमकी त्या भिंतीला टेकलेली. उशाशी दम्याचा पंप. आणि वर कुणीतरी नळ सोडला. बादली भरल्याचा आवाज आला.

आत जाऊन त्याने भिंतीला तळहात लावला. अजून कोरडी होती. अजून महिनाभर तरी कुणाला कळलं नसतं, आणि कळल्यावरही दोष पाइपावर गेला असता. त्या विचाराचीच त्याला शिसारी आली.

"काकू, भिंत कोरडी नाही," तो म्हणाला. "वरून गळती आहे. मला माहीत होतं. मी झाकली."

गुरुजी दक्षिणा मोजायचे थांबले. आवाज न चढवता शुभाताईंनी विचारलं, "ह्यांना दमा आहे, हे तुम्हाला मी स्वतः सांगितलं होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणाला होतात?"

"मी जबाबदार."

एवढं बोलल्यावर त्याला उमगलं. त्या दिवशी तो दोन गोष्टी बोलला होता, आणि वास्तू तथास्तु म्हणाली ती दुसरीला.

शुभाताईंनी त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि देवापुढे ठेवला.

"हा इथेच राहील. भिंत कोरडी झाली की न्या."

चंद्रप्रकाशने टोपी काढून खिशात घातली. टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि विद्याधररावांना म्हणाला, "काका, जरा उठता? पलंग सरकवायचाय."