काकू तळ्यात उतरली

माझी काकू भांडखोर होती, आणि हे मी कौतुकानं सांगतेय. काका गेल्यावर आमची मासळीची तळी कोण सांभाळणार, असा प्रश्न घरात निघाला. तेव्हा ती जेवता जेवता म्हणाली, "मी आहे की. आजवर काय नुसती काठावर बसून पाय हलवत होते?" विषय संपला. तळी तिच्याकडे आली आणि विक्री माझ्या बाबांकडे, म्हणजे तिच्या दिराकडे राहिली. दोघांचं कधीच पटलं नाही.

त्या उन्हाळ्यात मधल्या तळ्यातले मासे विचित्र वागायला लागले. खाणं टाकलं तरी वर येईनात. काठच्या दगडांना अंग घासायचे, मधेच उसळी मारून पाण्यावर आदळायचे. काकूनं जाळं टाकून एक बाहेर काढला आणि ओल्या हातावर आडवा धरला. खवल्यांवर लाल ठिपके होते, आणि त्यांच्या शेजारी डाळीच्या फोलपटाएवढं काहीतरी चपटं, पारदर्शक सरकत होतं.

"ऊ," ती म्हणाली. "माशांची ऊ. रक्त पितेय मेली."

दुपारी बाबा कॅन घेऊन आले. पिकांवर फवारायचं कीटकनाशक होतं ते. माशांच्या डॉक्टरीणबाईंनी ते तळ्यात घालू नका म्हणून बजावलं होतं, पण आजूबाजूचे सगळे तळेवाले तेच ओतत आणि चारच दिवसांत मासे बाजारात नेत.

"व्यापारी यायचाय," बाबा म्हणाले. "ठिपके दिसले तर माल उचलणार नाही."

"आणि हे विष पोटात घेतलेला मासा ज्याच्या ताटात पडेल, त्याचं काय?"

"सगळेच करतात, वहिनी."

"करोत. माझ्या तळ्यात नाही."

"तुमचं तळं?" बाबांचा आवाज चढला. "दादाचं होतं. आता घराचं आहे."

काकूनं चपला काढल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी सरळ पाण्यात शिरली. छातीपर्यंत पाणी आल्यावर वळली. "ओता भाऊजी. मी इथंच आहे."

बाबा तिला कायम पाण्यात बघत आले होते, पण असं खरोखरच बघावं लागेल असं त्यांना वाटलं नसावं. झाकण हातात धरून ते उभेच राहिले. शेजारचे तळेवाले जमले. कुणीतरी हसलं, ते बाबांना झोंबलं.

"बाहेर या! हट्टाला काही सीमा असते!"

"आहे ना. या तळ्याचा बांध."

तेवढ्यात माझी आई आली. आई म्हणजे गरीब गाय. बाबांपुढे तिनं कधी ब्र काढलेला मी ऐकला नव्हता. तिनं बाबांकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, कमरेला ओढणी आवळली आणि तीही पाण्यात उतरली. तिला पोहता येत नव्हतं. काकूचा दंड गच्च धरून ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, जेवण झाकून ठेवलंय. तुमचं तुम्ही वाढून घ्या."

बाबा कॅन उचलून तरातरा निघून गेले.

मग खरं काम सुरू झालं. ही ऊ टणक जागी अंडी घालते. काकूनं तळ्यातले सगळे खुंट उपटले आणि त्यांच्या जागी फळ्या सोडल्या. फळ्यांवर अंड्यांच्या चिकट रांगा दिसल्या की दोघी जावा त्या बाहेर काढून खरवडायच्या आणि कडक उन्हात टाकायच्या. मासे थोडे थोडे करून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. तरीही सुटल्या नाहीत त्या उवा काकू चिमट्यानं उपटायची. लोक 'उवावाली' म्हणून चिडवायचे. "डोकं पुढे करा, तुमच्याही काढते," ती म्हणायची.

तरी खूप मासे मेले. एका सकाळी पाणी पांढऱ्या पोटांनी भरून गेलं होतं. काकू काठावर बसून रडत होती, रडता रडता उवांना शिव्याही घालत होती. बाबा लांबून बघत होते. मग टोपली घेऊन आले आणि मेलेले मासे उचलायला लागले.

उरलेले मासे दुसरीकडे हलवून तिनं ते तळं उपसलं, भेगा पडेपर्यंत वाळवलं, चुना पसरला. पुढं उवा दिसल्या नाहीत. पण माशांच्या अंगावर व्रण राहिले होते, आणि व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. तेव्हा काकू स्वतःच बाजारात बसली. सोबत बाबाही आले.

"हे डाग कसले?" पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं.

"काही नाही हो, ते..." बाबा सुरू झाले.

"ऊ चावली होती," काकू मोठ्यानं म्हणाली. "ऊ गेली, व्रण राहिले. विष घातलेलं नाही."

गिऱ्हाईक निघून गेलं. नंतर आलेल्यांपैकी काही थांबले, चौकशी करून घेऊनही गेले. बाजार उठला तेव्हा शेजारच्यांच्या टोपल्या रिकाम्या होत्या, आमची अर्धी भरलेली.

"बोलला नसतात तर सगळे खपले असते," बाबा म्हणाले.

"माहितीये. उद्या परत येऊ." काकूनं टोपलीतला एक मासा उचलून पालथा केला. "आणि हे असे उलटे मांडू नका, भाऊजी. डाग वर पाहिजेत."