आईच्या साड्यांवरून लागलेली वर्षं

जळगावला ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करून मी दीपनगरच्या क्वार्टरमध्ये परतले, ती दिसेल त्या वस्तूची सूची करायच्या खुमखुमीनंच. पहिली हाती लागली नानांच्या फोटोंची पत्र्याची पेटी. माझे वडील, नाना, वीज केंद्रात नोकरीला, हौस कॅमेऱ्याची. वीस-पंचवीस वर्षांचे फोटो पेटीत कोंबलेले, मागे ना तारीख, ना गाव.

मी रजिस्टर आखलं आणि नानांना सतरंजीवर बसवलं. कूलर लावला की फोटो उडत, बंद केला की घामेजल्या बोटांना चिकटत.

"हा कधीचा?"

"कडक उन्हाळ्यातला," नाना ठामपणे म्हणाले. आमच्याकडे नरम उन्हाळा कधी असतो?

तिसऱ्या दिवशीही वर्षाचा रकाना कोराच. तेवढ्यात आई लसूण सोलता सोलता डोकावली.

"ही निळी साडी माझ्या भावाच्या लग्नातली, तू व्हायच्या दोन वर्षं आधीची. वर्षभरात खिळ्याला अडकून फाटली. म्हणजे फोटो तुझ्या जन्माआधीचा."

"तुला एवढं आठवतं?"

आई धुळ्याकडची. खुशीत आली की माहेरची बोली तोंडात यायची. "माले बठ्ठं याद शे. पण इचारस कोन?"

मग आई सतरंजीवर आली आणि लसूण नानांकडे गेला. तिच्या साड्यांवरून दोन दिवसांत निम्मी पेटी लागली.

एका फोटोपाशी मात्र आम्ही अडलो. सावद्याच्या केळीच्या बागेत नाना झोपलेले, तोंड उघडं, पाय चौकटीबाहेर.

"हा माझ्या कॅमेऱ्यातला नाहीच," नाना म्हणाले.

"तुमच्याच," आई म्हणाली. "तुम्ही घोरत होतात, मी बटण दाबलं. स्टुडिओतून फोटो मीच आणले, तेव्हा हा काढून पेटीच्या तळाशी सारला."

"अगं, एक फोटो कमी दिला म्हणून मी त्या स्टुडिओवाल्याशी भांडून आलो होतो!"

"ठाऊक आहे. म्हणून तर गप्प बसले."

नाना इतके हसले की लसणाची सालं खोलीभर झाली. मी रजिस्टरात 'कोणी काढला' असा नवा रकाना आखला. त्यात 'आई' हे एकदाच आलं, ते मला खटकत राहिलं. नानांनाही खटकलं असावं. रविवारी त्यांनी नवा रोल भरून कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं आम्हा दोघांना अंगणात उभं केलं आणि "हलू नका" म्हणत उन्हात चांगली दहा मिनिटं ताटकळत ठेवलं.