गोपिकाबाईंनी लावलेली तिहाई

सासूबाई गेल्या. महाल भागातलं घर विकून तिघे भाऊ आपापल्या फ्लॅटमध्ये निघाले, तेव्हा भांड्याकुंड्यांची तिहाई लावायला सगळ्यांनी एकमुखानं थोरल्या सुनेला, गोपिकाबाईंनाच बसवलं.

"तिहाई म्हणजे काय वं आई?" लेकीनं, भूमिकानं विचारलं.

उत्तर तिच्या वडिलांनी, महादेवरावांनी दिलं. "मूळ शब्द त्रिभाग. बोलता बोलता लोकांनी 'भ'चा 'ह' करून टाकला. तीन सारखे वाटे, तेच."

गोपिकाबाईंना मात्र माहेरच्या गावचं, खाप्याचं खळं आठवलं. तिथे वडील दुसऱ्याचं शेत कसत. ज्वारीचे तीन ढीग वडीलच घालत. मालक त्यातला हवा तो आधी उचले, उरलेले दोन वडिलांचे. ढीग घालणाऱ्यानं मागून घ्यायचं, मग हात आपोआप सरळ चालतो.

"मी वाटे लावते, पण उचलीन शेवटी," त्यांनी सांगून टाकलं.

आणि मग देव्हाऱ्यापाशी त्यांचा हात थांबला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक. लग्न होऊन आल्यापासून रोजची पूजा त्यांनीच केलेली. देव कुणाकडे जाणार?

भूमिका कानाशी लागली. "देवांच्या वाट्यात गळकी घागर अन् चेपलेली परात टाक ना. कोणी हात नाही लावणार."

"देवासमोर बसून देवाचीच चोरी करू काय वं?"

त्यांनी देवांसोबत समई ठेवली, आणि चांगला जड पितळी हंडाही. गळकी घागर, चेपलेली परात सरळ मोडीत काढली.

मधल्या जाऊबाई देवकी स्वयंपाकघरातल्या मोठ्या भांड्यांच्या वाट्यापाशी गेल्या. "माह्या घरी पाहुणे लय येतात, बाप्पा!"

धाकटी मिनल उरलेल्या दोन वाट्यांकडे आली. मग देव्हाऱ्यासमोर वाकली. "ताई, मी हा वाटा घेऊ काय? घरात देव नसले तर मले करमणार नाही."

भूमिकानं आईकडे पाहिलं.  गोपिकाबाईंनी बाळकृष्ण उचलला, पदरानं पुसला, मिनलच्या ओंजळीत ठेवला.

"घे. पण ऐक, याले दूध कोमट लागते. अन् अन्नपूर्णेचं तोंड भिंतीकडं करू नको, मागच्या खेपी तू तसंच केलं होतं."

"पहिल्या दिवशी तुम्हीच या ना मांडायले."

"येते," गोपिकाबाई म्हणाल्या, आणि उरलेल्या वाट्यातले डबे पिशवीत भरू लागल्या.