उलटी मुरड

अख्खी गल्ली तिला ठसकेबाई म्हणे. ठसका तिच्या गाडीवरच्या खाऱ्या करंजीने लागतो की तिच्या जिभेने, यावर मात्र गल्लीत दोन तट होते. करंज्या दोनच प्रकारच्या, साधी आणि जहाल. आतलं सारण बाहेरून थोडंच दिसतं? म्हणून खूण कडेच्या मुरडीत. उजवीकडे कलली तर साधी, डावीकडे कलली तर जहाल. नवरा शिंपी, त्याची शिवण बघून तिनं ही युक्ती काढलेली, आणि आजवर कधी फसली नव्हती.

त्या दिवशी पालिकेचे साहेब गाडीची जागा बघायला यायचे होते. त्यांचं मन फिरलं की कोपरा गेला. म्हणून ठसकेबाई सकाळपासून गाडी घासत सुटली आणि करंज्या नव्या सुनेवर सोपवल्या.

"मी दाखवते तश्शाच मुरड. अक्कल चालवू नकोस."

सुनेनं अजिबात चालवली नाही. दाखवलं तसंच केलं, फक्त डाव्या हाताने. ती डावखुरी.

साहेब आले. "पोट नाजूक आहे हो, साधीच द्या."

बाईनं उजव्या मुरडीची निवडून दिली. साहेबांनी भला मोठा घास घेतला. कान लाल झाले, डोळ्यांना धारा लागल्या.

"ही... साधी?"

ठसकेबाईनं सुनेकडे पाहिलं. झारा तिच्या डाव्या हातात! लख्ख उजेड पडला, मुरडी सगळ्या उलट्या पडल्या होत्या. पण चूक कबूल करावी, तर गाडी उठलीच म्हणायची.

"साधीच की!" म्हणत तिनं तसलीच एक उचलली आणि साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून सावकाश चावून खाल्ली. चेहरा दगडाचा. "पोरंसोरं खातात ही. तुमच्याकडे मीठ तरी घालतात ना?"

"बाई, साहेबांना दूध आणू का?" रांगेतला हमाल म्हणाला. रांग खिदळली.

हे मात्र साहेबांना करंजीहून जास्त झोंबलं. "आणखी एक द्या!" तीही त्यांनी संपवली, नाक पुसलं आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "राहू दे गाडी इथंच."

ते वळणाआड जाताच ठसकेबाईनं अख्खा तांब्या घशात ओतला.

"आई, चुकलं माझं..."

"चुकलं? जीव घेतलास गं बये! उद्यापासून जहाल तेवढ्या तू कर."

"आणि साध्या?"

"त्या मी. गाडीवर सौम्य स्वभावाचं कुणीतरी नको का?"

यावर हमालाला ठसका लागला; करंजी तर त्याच्या हातातच होती.