मुकादमाचं पथ्य

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मावशी वाढायला उभ्या राहिल्या, की कुणाचं ताट उणं राहत नसे. साहेब असो की झाडूवाला, डाव तोच, पातेल्याचा तळ गाठून वर येणारा. वाढताना दुजाभाव करायचा नाही, हे त्यांचं व्रतच. मागच्या दाराशी बसणारा तांबूस कुत्राही त्या व्रतात सामील होता. कामावरच्या माणसांमागून देखरेख केल्यासारखा हिंडायचा, म्हणून सगळे त्याला मुकादम म्हणत. मावशी त्यालाही सगळ्यांचाच रस्सा घालत, भरपूर कांदा-लसूण वाटून केलेला.

एका सकाळी मुकादम उठलाच नाही. ताट नाकाशी नेलं, तर त्यानं मान फिरवली. लघवी काळपट लाल झालेली. फाटकावर पहारा करणारे मावशींचे धाकटे दीर सामानाची हातगाडी घेऊन धावत आले. दोघांनी मिळून त्याला दवाखान्यात नेलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ उचलला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"खातो काय हा?"

"आम्ही खातो तेच," मावशी ताठ मानेनं म्हणाल्या. "शिळं कधी घातलं नाही. रोज गरम रस्सा आणि भात."

"कांदा असतो रश्श्यात?"

"कांद्याशिवाय रस्सा होतो का, बाई?"

"तिथंच घात झाला, मावशी. कांदा-लसणानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो की शिजवलेला. रोज थोडा थोडा गेला तरी बाधतो."

मावशींनी मुकादमाच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या हातचं खाऊन आजवर कुणाचं साधं पोट दुखलं नव्हतं.

"वाचेल ना?"

"मी औषध देते. रोज तपासायला आणा. कांदा बंद झाला आणि अन्न पोटात गेलं, तर नवं रक्त भरेल. मऊ भात, उकडलेली कोंबडी, हाडं काढून. मीठ-मसाला काही नाही. आणि एकदम पोटभर नको."

दुसऱ्या दिवशी मावशींनी वेगळं पातेलं चढवलं. उजवा हात सवयीनं मिठाकडे गेला, तो त्यांनी डाव्या हातानं धरून मागे ओढला. चव घेतल्याशिवाय वाढायची सवय नव्हती. घास तोंडात घातला आणि तोंड वाकडं झालं.

"काय वहिनी, जेवण म्हणायचं की शिक्षा?" दीर दारातून म्हणाले.

"गप बसा, भावजी. तुम्हालाही हेच वाढीन."

मुकादमानं नुसतं हुंगलं. मावशी पायरीवरच बसल्या. बोटावर चार शितं घेऊन त्याच्या ओठाशी धरायची, त्यानं चाटली तर पुन्हा चार. आत लोक ताटं वाजवत होते. "घ्या रे आज आपापलं!" त्या बसल्या जागेवरून ओरडल्या. असे कितीतरी दिवस गेले.

मग एका दुपारी मुकादम आपण होऊन थाळीशी आला. डुगडुगत उभा राहिला, पण त्यानं शीतन् शीत चाटून टाकलं. मावशींनी हलकेच ओठ उचलून पाहिला. हिरडीवर गुलाबी झाक आली होती. त्यानं मान वर करून आणखी मागितलं.

"नाही. आता संध्याकाळी," मावशी म्हणाल्या.

"अरे, ऐकलंत का?" दीर आत बघून ओरडले. "वहिनींनी कुणाला तरी पुरे म्हटलं!"

मावशींनी पातेल्यावर झाकण घातलं आणि मोह नको म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं. बाहेर मुकादमाची शेपटी दारावर धपधप आपटत होती.