हेडफोनची रुजवात

जुन्या कागदाची नक्कल काढली की तिच्या तळाशी दोन सह्या असतात. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. ती दुसरी सही माझी. तालुक्याच्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये माझी बावीस वर्षं गेली, त्यातली निम्मी तरी ही सही करण्यात. आता बहुतेक कागद स्कॅन झालेत, बटण दाबलं की बाहेर पडतात. पण काही बाडं इतकी जीर्ण आहेत की मशीनवर ठेवली तर पानाचा भुगाच व्हायचा. त्यांची नक्कल अजून टाईप करावी लागते, आणि मग रुजवात. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं नकलेवर बोट ठेवून ऐकत जायचं. दोन्ही कागद डोळ्यांनी बघायचे नाहीत, असा आमच्या जुन्या हेडक्लार्कचा दंडक होता. डोळा लबाड असतो, जे असायला हवं तेच वाचतो, असं ते म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याबरोबरची लिपिक वाचत होती आणि माझं बोट चाललं होतं. ही पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, वाचते स्पष्ट. पान संपलं, मी सही केली आणि शिक्का तिच्याकडं सरकवला. ती शिक्का मारता मारता थांबली.

"मॅडम, मी सात गुंठे वाचलं होतं. हितं साठ पडलंय."

"मग पंखा किती खडखड करायलाय बघ की! ऐकू कसं यावं माणसाला?"

"पंखा बंदच हाय मॅडम. लाईट गेलीय मघाच."

मी वर पाहिलं. पंखा खरंच बंद होता. कुणाची तरी सात गुंठे जमीन माझ्या बोटाखालून साठ गुंठे होऊन निघाली होती, आणि मी तिला 'हं, पुढं' म्हणाले होते. पोरीनं हळूच सांगितलं, "एकदा कान दाखवून घ्या." मी तिच्यावर अशी उखडले की पुढचे दोन दिवस आम्ही आकड्यांशिवाय काही बोललो नाही.

डॉक्टरकडे मी गेले नाही. रेकॉर्ड रूममधल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. एकदा कागद झाला की तो झाला. कानाचा कागद झाला असता तर मला रुजवातीवरून उचलून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं असतं, पाकिटांवर नंबर टाकायला. ते काम वाईट नाही, पण ते माझं नाही. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय हे मी घरीही सांगितलं नव्हतं.

मग मला कळलं की कानाची चाचणी फोनवरही होते. बारीक बारीक शिट्ट्या वाजतात, ऐकू आली की बोट टेकवायचं. कागद नाही, शिक्का नाही. मी नवऱ्याच्या फोनबरोबर आलेल्या वायरी कानात घालून ती तीनदा केली आणि तिन्ही वेळा निकाल वेगळा आला. सूचना नीट वाचल्या तेव्हा दिसलं, चांगल्या हेडफोनशिवाय निकाल धरू नये. म्हणजे यंत्र खोटं असलं तर दोष कानाचा की यंत्राचा, हे कळायला मार्ग नाही. हे मात्र मला लगेच पटलं. मूळ कागदच खोटा असेल तर रुजवात कशाशी घेणार?

चांगल्या नव्या हेडफोनची किंमत पाहिली आणि फोन पालथा ठेवला. मग वापरलेला शोधायला लागले आणि एका वेगळ्याच दुनियेत शिरले. एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा तोच हेडफोन पन्नास जण विकत होते, आणि त्यातले किती खरे हे देव जाणे. खाली लोकांच्या रडकथा. एकानं लिहिलं होतं, वर्षभर वापरला, दुरुस्तीला नेला तेव्हा कळलं की डुप्लिकेट आहे. मी नादी लागले. रात्रीची भाकरी झाली की चष्मा लावून बसायची. नवरा झरी गावच्या शाळेत मास्तर आहे, त्याला बोलायला विषय मिळाला.

"काय करायलीस एवढं? एवढा अभ्यास तू डीएडला केला असतास तर आज हेडमास्तरीण झाली असतीस."

मी चष्मा पुसून पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. तो म्हणाला, "हिला सगळं ऐकू येतंय. फकस्त माझंच येत न्हाई." हा त्याचा जुना विनोद. त्या दिवसांत तो मला सुईसारखा टोचायचा.

बनावट ओळखण्याचा मला थोडा गर्व होता. पूर्वी एक गृहस्थ जुन्या पटवाऱ्याच्या हातची म्हणून एक वही घेऊन आला होता. कागद जुना, शाई जुनी, सगळं बरोबर. पण दहा वर्षांच्या नोंदी एकाच टाकानं, एकाच बैठकीत लिहिलेल्या वाटत होत्या. खरा पटवारी घाईत असतो. त्याचा हात कधी उन्हानं दमलेला, कधी चहानंतरचा, कुठं डाग, कुठं खाडाखोड. बनावट कागदात घाई दिसत नाही. तेव्हा जे फोटो फार सुंदर आहेत, त्यांच्यापासून दूर राहायचं एवढं मी ठरवलं. एकच फोटो तीन वेगवेगळ्या गावांच्या विक्रेत्यांनी टाकलेला सापडला, तेव्हा तर मी स्वतःचीच पाठ थोपटली.

आणि तरीही फसले. लांबच्या शहरातला एक विक्रेता होता. बिलाचा फोटो, खोक्याचा फोटो, आतल्या नंबराचा फोटो, सगळं त्यानं न मागता पाठवलं. नंबर मी कंपनीच्या साईटवर टाकून पाहिला, बरोबर निघाला. मागवला. पार्सल आलं. खोकं उघडलं, हेडफोन डोक्यावर चढवला आणि चाचणी लावली. उजवीकडं शिट्ट्या स्वच्छ. डावीकडं बारीक शिट्ट्या आल्याच नाहीत.

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही लावून बघा. त्यानं लावला आणि लगेच काढला. "डोकं आवळायलंय. हे बैलाला घालायचं हाय का माणसाला?" बाकी काही तो सांगेना.

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी मनात आलं, आपण रुजवात कुठं घेतलीय? नुसती नक्कल हातात धरून बसलोय. शनिवारी परभणीच्या बाजारात एका मोठ्या दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, तुमच्याकडचा खरा माल काढा आणि मोठ्यानं वाचा. तो आधी हसला. पण दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं काचेच्या कपाटातून त्याचा तसलाच हेडफोन काढला आणि खरंच वाचायला लागला. उशीच्या आत हे अक्षर, बिजागरीवर ही रेघ. मी माझ्या हेडफोनवर बोट ठेवून 'हं, पुढं' म्हणत गेले. अक्षरं जुळली, रेघ जुळली. मग तो म्हणाला, कानाची उशी ओढली की निघते, खाली काळी जाळी. मी ओढली. माझी उशी निघेना, ती चिकटवलेली होती. त्यानं त्याचा फोनला जोडला, कंपनीच्या ॲपनं नावानिशी ओळखला. माझा जोडला, ॲप शोधतच राहिलं. शेवटी त्यानं दोन्ही काट्यावर ठेवले. माझा बराच हलका भरला. लोखंडी पट्टीच्या जागी रंगवलेलं प्लास्टिक होतं.

"मग नंबर कसा काय खरा निघाला?" मी विचारलं.

"नंबर खराच हाय ताई. कुणाच्या तरी खऱ्या पिसवरून उतरवून घेतला, अन् तोच हजार पिसांवर छापला. लय भारी डुप्लिकेट हाय. मी बी फसलो असतो."

मी त्या हलक्या हेडफोनकडं बघत राहिले. ही पट्टी रंगवणारा माणूस कुठं बसला असेल? बिजागरीवरची ती रेघ कोरताना त्याला काय वाटत असेल? इतकी मेहनत करणाऱ्याला खराच माल का करू देत नाहीत? आणि मग एकदम ध्यानात आलं की हेडफोन नकली आहे. म्हणजे दोष त्याचा. माझा कान चांगला आहे.

येताना मी पाव किलो पेढे घेतले. सगळा प्रकार ऐकून नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "लोक फसले म्हंजी रडत बसत्यात. ही पेढे वाटायलीय!" विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. त्याचंही मला काही वाटलं नाही.

पण कचेरीत परत बसले, आकडा आला की मी पोरीला म्हणायची, "पुन्हा वाच." ती पुन्हा वाचायची. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे, तेच मला सहन होईना. मला एक खरा हेडफोन हवा होता, चाचणी पूर्ण पास करून तिच्यासमोर ठेवायला.

यावेळी लांबचं नको म्हणून जिल्ह्यातच शोधला. ताडकळसला एक बाई विकत होती. पुण्यात कुठल्याशा ऑफिसात गिऱ्हाइकांचे फोन तपासायचं तिचं काम होतं, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं आणि चुका काढायच्या. बाळंतपणानंतर सासरीच राहिली होती. मी तिला सोडलं नाही. आजची तारीख कागदावर लिहून हेडफोनशेजारी ठेवून फोटो पाठवा. उशी काढून जाळी दाखवा. जोडल्यावर ॲपवर नंबर दिसतो तो, आणि पिसावरचा तो, एकाच फोटोत पाठवा. कुरिअर नको, मी येते, माझ्या फोनला जोडून बघते, मग पैसे. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"ताई, तुमी हेडफोन घ्यायलात का सोयरीक जमवायलात?"

"सोयरिकीत एवढं कुणी बघत नाही," मी म्हटलं. ती खळखळून हसली आणि म्हणाली, या.

बाजाराच्या दिवशी एसटीनं ताडकळसला उतरले. तिचं घर किराणा दुकानाच्या मागंच होतं. आधी आम्ही दोघी त्या किराणा दुकानात गेलो. शेंगदाणे तोलायच्या काट्यावर हेडफोन ठेवला. परभणीच्या दुकानातलं वजन मी चिठ्ठीवर लिहून आणलं होतं, तेच भरलं. घरी येऊन उशी ओढली, टक्कन निघाली, खाली जाळी. ॲपनं ओळखला. डोक्यावरची पट्टी जिथं हात लागतो तिथंच गुळगुळीत झालेली, बाकी कुठं नाही. एका कडेला हळदीचं बोट. मला त्या हळदीच्या डागाचा विश्वास सगळ्यात जास्त वाटला. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत इतकी कडक रुजवात मी कुठल्या कागदाची घेतली नसेल. माल शंभर टक्के खरा होता.

मग मी तो डोक्यावर चढवला आणि चाचणी लावली. उजवीकडं शिट्ट्या एकामागून एक आल्या, पार बारीक होईपर्यंत. मग डाव्या बाजूची पाळी आली. मी बोट धरून बसले. फोनवरचे आकडे पुढं सरकत होते, म्हणजे शिट्ट्या वाजत होत्या. समोर ती बाई बाळाला मांडीवर हलवत माझ्याकडं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हा माल नकली निघावा.

मी हेडफोन काढला आणि तोंड वर करून म्हणाले, "याची डावी बाजू बसलीय."

तिनं बाळाला खाली ठेवलं, हेडफोन स्वतः लावला, चाचणी पुन्हा सुरू करून डोळे मिटून ऐकलं. हे तिचं पोटापाण्याचं काम होतं, ते दिसतच होतं. मग तिनं तो काढला, फिरवला, आणि उलटा करून माझ्या डोक्यावर ठेवला. उजवी बाजू डाव्या कानावर.

एवढी साधी गोष्ट मला पहिल्या हेडफोनच्या वेळी सुचली नव्हती. किंवा सुचली असेल, मीच ती सुचू दिली नाही.

"आता कुठल्या बाजूनं कमी येतंय?" तिनं विचारलं.

दोन्हीकडं सारखं येतंय, असं मला म्हणता आलं असतं. घेऊ नका म्हणून ती मला सोडूनही देईल, असं तिच्या तोंडावरून वाटत होतं. मी हात उचलला आणि डाव्या कानावर ठेवला. तिनं हेडफोन माझ्या डोक्यावरून हळूच काढला, पिशवीत घातला, पिशवीची नाडी ओढली. मला वाटलं ती गप्प आहे. मग दिसलं की तिचे ओठ हलतायत.

"काय?" मी म्हटलं.

ती उठली, पलीकडून वळसा घालून माझ्या उजव्या हाताला येऊन बसली, आणि आवाज न चढवता पुन्हा विचारलं, "घ्यायचा का न्हाई मग, ताई?"

"घेते," मी म्हणाले. "माल खरा आहे."