कानामागची निळ

"मान वळव."

मी वळवली.

"तशी न्हाय. उजेडाकडं."

सर्जेरावांनी अंगठ्यानं माझा उजवा कान पुढं दुमडला आणि वाकून मागं बघितलं. मग डावा. बाजारात बैलाचे दात बघतात तसं. माझ्या मागं अख्खी पहिली शिफ्ट लाइनीत उभी. गडी, बाया, सगळे. सगळ्यांच्या डोक्याला जाळीच्या टोप्या, हात पुढं केलेले.

"निळ कितीबी धुवा, कानामागं राहतीच," सर्जेराव मोठ्यानं म्हणाले. "आणि हे म्हणतंय आजारी होतो."

मागनं कुणीतरी फिसकन हसलं.

कानामागं काहीच सापडलं न्हाय. मला वाटलं, संपलं. तर म्हणतात कसे, "चांगली घासून आंघोळ केलेली दिसतीया."

म्हणजे निळ सापडली असती तरी मी खोटा. न्हाय सापडली तरी मी खोटाच. असल्या न्यायाला काय करायचं सांगा.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत आमची कंपनी. पेरूचा, डाळिंबाचा गर काढून डब्यात भरायचा. खाण्याची वस्तू, म्हणून आत जाताना रोज गेटावर तपासणी. नखं दाखवायची, अंगठी काढायची, बायांनी बांगड्या काढायच्या. सर्जेराव आमचे सुपरवायझर. भवानीनगरकडचे, ऊसवाले, घरचं चांगलं. तपासणी त्यांच्याकडं. नखं बघता बघता त्यांचा हात कुठवर पोचला, ते त्या दिवशी मला कळलं.

मला कावीळ झाली होती. खरी. इंदापूरला डॉक्टरकडं सलाइनवर पडलो होतो. पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता. आई उसाचा रस पाजायची, तो बी उलटून पडायचा. त्याच आठवड्यात आमच्या शेळगावच्या वस्तीची जयंती. आमची मिरवणूक काय बरोबर चौदा एप्रिललाच निघत न्हाय. बँजोवाले, गाडीवाले सगळीकडं अडकलेले असतात, म्हणून पुढं ढकलायची. फाट्यावर फ्लेक्स लागतो, येणारा-जाणारा वाचतो. सर्जेरावांनी बी वाचला असणार.

मिरवणूक आमच्या दारावरनं गेली. मी सलाइन संपवून घरी आलेलो, आत अंथरुणावर. आवाजानं पत्रा थरथरत होता. आई धावत आत आली, बोटाला निळ घेऊन. माझ्या कपाळाला लावायला वाकली आणि मला भडभडून उलटी झाली. ती मागं सरली. "बरा हो, मग लावते," म्हणाली. तोवरच्या आयुष्यातली ती एकच जयंती, जिची निळ मला लागली न्हाय. आणि तिचीच झडती झाली.

फोन सर्जेरावांचाच आला होता. "मिरवणूक झाली का न्हाय? उद्या आला न्हायस तर दुसरा माणूस घेतो." म्हणून गेलो. पाय लटपटत होते. डॉक्टरचा कागद खिशात होता, तो पुढं केला. त्यांनी घडीसुद्धा उलगडली न्हाय. "असली कागदं स्टँडवर मिळत्यात."

माझे डोळे पिवळेजर्द होते. कानापासून डोळा किती लांब असतो? एवढं तोंड जवळ आणून त्या माणसानं माझ्या डोळ्यात बघितलं न्हाय. त्याला निळा रंग हुडकायचा होता, पिवळा कशाला दिसंल! गेटाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी हाय, आजारी कामगारांनी आत येऊ नये. त्या पाटीखालनं मला आत ढकलला आणि पेरूच्या टाकीपाशी उभा केला. कावीळ झालेला माणूस. लोकांच्या खाण्यापाशी.

आता आमच्याकडच्या रजेची रीत सांगतो, म्हणजे तुमाला कळंल.

कायम झालेल्या कामगाराला दोन रजा. एसएल, म्हणजे आजारपणाची. पीएल, म्हणजे आपल्या हक्काची, सुखादुःखाची. कागदावर लई झ्याक. पण पीएल मागायला गेलं की ठरलेलं उत्तर, "सीझन हाय, जमायचं न्हाय." सीझन कधी संपतच न्हाय. आज पेरू, उद्या डाळिंब. मग करायचं काय? सकाळी फोनवर मेसेज टाकायचा, ताप आलाय. झाली एसएल. हे सर्जेरावच नव्या माणसाला शिकवायचे. "पीएलच्या नादाला लागू नको. आजारी पड की लेका, कोण बघतंय!"

उसाला तोड आली, ताप. सोयरीक बघायला जायचं, ताप. सर्जेरावांच्या गावची यात्रा असली की पॅकिंगच्या अर्ध्या लाइनीला जुलाब. दुसऱ्या दिवशी तीच माणसं ढेकर देत हजर, मटणाच्या गोष्टी करत. त्यांचा पुतण्या दीपक तर एकदा मानेवर गुलाल घेऊनच आला. लालभडक. गळ्यापासून शर्टाच्या कॉलरपर्यंत. सर्जेराव हसले. "जा, टोपी घाल. गरात पडंल." एवढंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं.

त्यांचा गुलाल दिसला तरी तो आजारी. माझी निळ दिसली न्हाय तरी मी लबाड.

त्या सकाळपासनं माझ्या कानाला काहीतरी झालंय. हसू नका. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आणि त्यानं वस्तरा लावायला कान दुमडला की माझ्या अंगाला दरदरून घाम सुटतो. बायकोनं मायेनं कानाशी हात नेला, तरी मी तिचा हात झटकतो. तिला आधी वाईट वाटायचं. आता ती कानाकडं हातच नेत न्हाय. तो अंगठा हाय तितंच. जाड, तंबाखू मळलेला, गार. कावीळ गेली, अंगठा गेला न्हाय.

पण मी जिवंत हाय. खरं सांगायचं ते नंदाअक्काचं.

नंदाअक्का आमच्या वस्तीतली. माझ्यापेक्षा मोठी, नवरा लवकर गेलेला, लेक कॉलेजात. पॅकिंगला डबे पुसायचं काम. लाइनीत माझा कान दुमडला तेव्हा ती माझ्या मागं दोन माणसं सोडून होती. ती हसली नव्हती. घरी जाताना गाडीत माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मी असते तर मेलेच असते रं."

पुढच्या वर्षी पुन्हा एप्रिल. पुन्हा फाट्यावर फ्लेक्स. अक्काला खोकला झाला, मग ताप. कंपनीची गाडी सकाळी फाट्यावर येते. तितं ती उभी, पदर डोक्यावरनं गच्च गुंडाळलेला, श्वास घेताना खांदे वर उचलले जात होते.

"अक्का, घरी जा. मी सांगतो तिकडं."

"काय सांगशील?"

"ताप आलाय म्हणून."

तिनं पदर कानावर आणखी ओढला आणि म्हणाली, "जयंती तोंडावर आलीया. आज रजा टाकली तर परत आल्यावर तो माझा पदर बाजूला सारून कान बघंल. सगळ्या गड्यांपुढं. न्हाय रं बाबा. त्यापरीस ताप बरा."

मी तिचा हात धरला. चटका बसला. ती हात सोडवून गाडीत चढली.

तपासणीत तिनं नखं दाखवली, बांगड्या काढल्या. सर्जेरावांनी विचारलं सुद्धा न्हाय. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर ती डब्यांच्या पट्ट्यापाशी खाली बसली. बसली ती बसलीच. इंदापूरला नेलं, तिथनं बारामतीला. मी गाडीत तिच्या उशाशी होतो. छातीतनं घरघर येत होती, आणि ती डोळे मिटून एकच विचारत होती, "शिफ्ट सुटली का रं?" डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया, दोन दिवस आधी आणायचं होतं. तिसऱ्या दिवशी अक्का गेली. त्या वर्षी वस्तीत निळ उधळली न्हाय कुणी.

मातीला कंपनीची माणसं आली, हार घेऊन. सर्जेरावांनी डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, खरंच पुसले. आणि अक्काच्या लेकीपुढं उभं राहून म्हणाले, "सांगायचं की. रजा दिली नसती व्हय मी?"

सांगायचं की!

कुणाला सांगायचं? कोणत्या तोंडानं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक त्यांच्याकडं बघत होती. ती रडली न्हाय. तिनं हार घेतला न्हाय. तिच्या हातापाशी तो तसाच लोंबत राहिला आणि शेवटी सर्जेरावांनीच तो तिरडीवर ठेवला.

अक्काच्या जागी आता दुसरी बाई बसते. इंदापूरकडची, साधी हाय. मी तिला दोनदा अक्का म्हणून हाक मारली. दोन्ही वेळा ती "ओ" म्हणाली आणि दोन्ही वेळा मला तितनं पळून जावंसं वाटलं. कुणी खोकलं की माझं डोकं आपोआप वळतं. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा वाजली की मी पट्ट्याच्या त्या टोकाला बघतो. कुणी खाली बसलेलं न्हाय ना, ते बघतो. बघितल्याशिवाय मला काम सुधरत न्हाय. बायको म्हणते, देवऋषाला दाखवू. मी म्हणलं, देवऋषी काय करणार, मला भूत लागलेलं न्हाय. मला माणूस लागलाय.

विचार करत राहिलो. वर्षभर दुसरं काही सुचलं न्हाय. आणि मग हळूहळू डोक्यात उजाडलं. ह्यांनी आमाला सुखाच्या दिवशी खोटं आजारी पडायला शिकवलं. का? तर खोटं बोललेला माणूस दबून राहतो. मग तो खरा आजारी पडला की त्याचा कान दुमडायचा. हक्काची रजा हक्कानं दिली असती, तर आजारपणावर कुणी शंका घेतली असती का? यात्रेवाल्यांचं खोटं पचतं, आमचं खरं सुद्धा पचत न्हाय. अक्काला तापानं मारलं न्हाय. आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार न्हाय, ह्या खात्रीनं मारलं.

ह्या वर्षी जयंतीच्या आधी पंधरवडा मी सर्जेरावांपुढं जाऊन उभा राहिलो.

"पीएल पायजे."

"कशाला?"

"जयंती हाय."

ते हसले. "येडा का खुळा तू? सीझन हाय. त्या दिवशी सकाळी मेसेज टाक, ताप आलाय म्हणून. मी काय म्हणणार न्हाय."

"मला ताप येणार न्हाय त्या दिवशी."

"म्हंजे?"

"म्हंजे मी धडधाकट असणार हाय. मिरवणुकीत जाणार हाय. म्हणून पीएल पायजे."

त्यांचं हसू गेलं. "न्हाय मिळायची."

"मग बिनपगारी जातो. पण आजारी पडणार न्हाय."

आणि तसाच गेलो. त्या दिवशी आईनं माझ्या कपाळाला निळ लावली आणि मी अंगातला जीव जाईपर्यंत नाचलो. अक्काची लेक बी आली होती. तिनं झेंडा धरला होता.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बारामतीहून गाडीनं येणारा तरुण माणूस, बोलणं लोण्यासारखं. "बसा ना," म्हणाले. आजवर तितं मला कुणी बसा म्हणलं नव्हतं. मी बसलो. सर्जेराव दाराशी उभे होते.

"तुमची रजा मंजूर नव्हती," साहेब म्हणाले. "गैरहजेरी लागली असती, वॉर्निंग गेली असती. मग मीच कालच्या दिवसाला एसएल टाकून दिली. सर्जेराव स्वतः म्हणाले, माणूस चांगला आहे, सांभाळून घ्या."

म्हणजे ह्यांनी मला परस्पर आजारी करून टाकलं होतं. मी नाचत होतो तेव्हा हितं, ह्या गार केबिनमध्ये, मी आजारी होतो. आणि अक्का पट्ट्यापाशी मरत होती, त्या दिवशी तिची हजेरी लागलेली. धडधाकट आजारी, मरणारी हजर. वर उपकार.

"काढा ते," मी म्हणलं.

"अहो, तुमच्याच फायद्याचं आहे. सगळेच करतात."

"मी आजारी नव्हतो."

"वॉर्निंग जाईल. पगार कापला जाईल."

"कापा. साहेब, मी आजारी हाय का न्हाय, ते मी सांगणार. तुमी न्हाय आणि हे बी न्हाय."

दारातनं आवाज आला. "लई माज आलाय."

मी उठलो, वळलो, त्यांच्या डोळ्यात बघितलं. "व्हय, आलाय. आणि ह्याच्यापुढं माझ्या अंगाला हात लावायचा न्हाय. नखं बघायची ती लांबनं बघा."

ते बाजूला झाले. वॉर्निंग त्याच दिवशी संध्याकाळी हातात पडली. आणखी एक आली की घरी पाठवतात, असं लोक म्हणतात. बायको घाबरली हाय. मी बी घाबरलोय. रात्रीची भाकरी त्याच कंपनीतनं येते.

पण आता ठरलंय. पुढच्या जयंतीला मी परत पीएलच मागणार, कारण सांगून मागणार. न्हाय दिली तर बिनपगारी जाणार. आजारी पडलो तर घरी झोपणार, बरा होईपर्यंत झोपणार, आणि परत आल्यावर कुणाला काय शाबीत करत बसणार न्हाय. आणि आमच्या फाट्यावर कुठलीबी बाई तापानं फणफणत गाडीची वाट बघत उभी दिसली, तर तिला मी चढू देणार न्हाय. नुसता हात धरून सोडणार न्हाय ह्या वेळी. दारात आडवा उभा राहीन. गाडी खोळंबली तर खोळंबू दे.